किल्ल्या कुणाच्या हातात होत्या? वायमार प्रजासत्ताकाच्या अंताची फेरतपासणी

‘हिटलरसुद्धा निवडणुकीतूनच सत्तेवर आला होता’ हे वाक्य आपल्याकडे व्याख्यानांत, अग्रलेखांत आणि चहाच्या टेबलावर इतक्या वेळा ऐकायला मिळते की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. वाक्य वापरणारे दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारच्या लोकांना त्यातून मतदाराविषयीचा अविश्वास सांगायचा असतो: जनता भोळी असते, ती भाषणांना भुलते, म्हणून लोकशाहीवर फार विसंबू नये. दुसऱ्या प्रकारच्या लोकांना त्यातून बहुमताचे समर्थन हवे असते: लोकांनीच निवडले, मग तक्रार कसली? दोघांचे हेतू परस्परविरोधी आहेत, पण दोघांनी गृहीत धरलेली घटना एकच आहे. जर्मनीत १९३३ साली मतपेटीने लोकशाही संपवली, असे दोघेही मानतात.

या लेखात मला ते गृहीतक तपासायचे आहे. त्यासाठी मी वायमार प्रजासत्ताकाच्या शेवटच्या तीन वर्षांची कागदोपत्री हकिकत आणि तिच्यावर लिहिलेली काही महत्त्वाची पुस्तके एकमेकांसमोर ठेवणार आहे. यातले सर्वांत अलीकडचे पुस्तक म्हणजे स्टीव्हन लेव्हित्स्की आणि डॅनियल झिब्लाट यांचे २०१८ साली प्रसिद्ध झालेले ‘हाऊ डेमॉक्रसीज डाय’. लोकशाहीच्या ऱ्हासावर हल्ली जे काही बोलले जाते, त्यातली बरीचशी परिभाषा या पुस्तकाने पुरवली आहे. म्हणूनच त्याची उलटतपासणी करणे मला आवश्यक वाटते.

आकडे काय सांगतात

मे १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला २.६ टक्के मते आणि राइशटागमध्ये, म्हणजे संसदेत, १२ जागा मिळाल्या. इरावती कर्वे बर्लिनमध्ये संशोधन करत होत्या, तो हा काळ (१९२८ ते १९३०). त्या वेळी बर्लिनमधल्या एखाद्या सुशिक्षित माणसाला हा पक्ष उद्या राज्य करील असे कुणी सांगितले असते, तर त्याने ते हसण्यावारी नेले असते. सप्टेंबर १९३० मध्ये तोच पक्ष १८.३ टक्के मते आणि १०७ जागांवर पोहोचला. जुलै १९३२ मध्ये ३७ टक्क्यांच्या थोडी वर मते आणि ६०८ पैकी २३० जागा. मुक्त निवडणुकीतला नाझींचा हा उच्चांक. तीनच महिन्यांनी, ६ नोव्हेंबर १९३२ रोजी पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा त्यांची जवळजवळ वीस लाख मते घटली. टक्केवारी ३३.१ वर आली आणि जागा १९६ उरल्या. पक्ष कर्जात बुडाला होता. डिसेंबरमध्ये ग्रेगोर श्ट्रासर या पक्षातल्या बड्या संघटकाने सर्व पदांचा राजीनामा दिला.

हिटलर चान्सलर झाला तो ३० जानेवारी १९३३ रोजी, म्हणजे पक्षाची लाट ओसरू लागल्यावर. एप्रिल १९३२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला तो स्वतः उभा होता आणि हरला होता. हिंडेनबुर्ग यांना ५३ टक्के, हिटलरला ३७ टक्क्यांच्या आत. मुक्त निवडणुकीत बहुसंख्य जर्मनांनी त्याला कधीही निवडले नाही. त्याची नेमणूक झाली आणि ती हिंडेनबुर्ग यांनी केली. हिटलरला रोखायचे म्हणून सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या लाखो मतदारांनी नाक मुठीत धरून ज्यांना मते दिली होती, त्याच म्हाताऱ्या फील्डमार्शलने.

एवढ्यावरून मतदार निर्दोष होता असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. जुलै १९३२ च्या संसदेत नाझींच्या २३० आणि कम्युनिस्टांच्या ८९ जागा मिळून ३१९ होत होत्या. ६०८ च्या सभागृहात हे स्पष्ट बहुमत. निम्म्याहून अधिक प्रतिनिधी अशा पक्षांचे होते की ज्यांना ते प्रजासत्ताकच नको होते. त्यांना एकत्र राज्य करता येणार नव्हते, पण दुसऱ्या कुणाला राज्य करू न देणे त्यांना जमत होते. युर्गेन फाल्टर यांनी ‘हिटलर्स व्हेलर’ (१९९१) या ग्रंथात मतदानाच्या आकडेवारीचा बारकाईने अभ्यास केला आहे. नाझींना बेकारांनी निवडले हा जुना समज त्यात टिकत नाही. बेकार कामगार अधिक प्रमाणात कम्युनिस्टांकडे गेले. नाझींचे मत प्रॉटेस्टंट खेड्यांत, शेतकऱ्यांत आणि छोट्या व्यावसायिकांत दाट होते, कॅथलिक भागांत विरळ होते, आणि थोडेफार प्रत्येक वर्गात होते. तेव्हा मतदाराचा वाटा आहे. प्रश्न असा की कुलूप त्यानेच उघडले का?

कलम ४८ ची सवय

वायमार राज्यघटना ऑगस्ट १९१९ मध्ये अमलात आली. प्रौढ स्त्रीपुरुषांना मताधिकार, प्रमाणशीर प्रतिनिधित्व, मूलभूत हक्कांचे सविस्तर प्रकरण, यांमुळे ती त्या काळातल्या पुढारलेल्या घटनांपैकी एक मानली जाई. तिच्यात ४८ क्रमांकाचे एक कलम होते. सार्वजनिक सुरक्षितता गंभीर धोक्यात आल्यास राष्ट्राध्यक्षाला वटहुकूम काढता येत, सैन्य वापरता येत असे आणि सात मूलभूत हक्क तात्पुरते स्थगित करता येत. संसदेने मागणी केल्यास असा वटहुकूम मागे घ्यावा लागे. पण कलम २५ प्रमाणे राष्ट्राध्यक्ष संसदच बरखास्त करू शकत असे. ही दोन कलमे एकत्र वाचली की फट दिसते: वटहुकूम काढायचा, संसदेने तो रद्द केला तर संसद बरखास्त करायची आणि नव्या निवडणुकीपर्यंत पुन्हा वटहुकुमावर कारभार चालवायचा.

पहिले अध्यक्ष फ्रीडरिश एबर्ट हे सोशल डेमोक्रॅट, लोकशाहीचे खरे पाठीराखे. त्यांनी हे कलम शंभराहून अधिक वेळा वापरले. बंडे होत होती, १९२३ ची महागाई नोटांची रद्दी करत होती, तातडीची गरज होती. ही गोष्ट पुस्तकांत बहुधा एका ओळीत उरकली जाते. मला ती महत्त्वाची वाटते. हत्यार धारदार आहे हे चांगल्या हातांनी दाखवून दिले, आणि ते कपाटातून बाहेर काढण्यात काही गैर नाही अशी सवयही त्याच हातांनी लावली.

मार्च १९३० मध्ये हेर्मान म्युलर यांचे संसदेत बहुमत असलेले शेवटचे सरकार पडले. कारण काय, तर बेकारी विम्याच्या वर्गणीत अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी वाढ करायची की नाही, यावर आघाडीतल्या पक्षांचे एकमत होईना. त्यानंतर चान्सलर झालेल्या हाइनरिश ब्र्यूनिंग यांच्याकडे बहुमत नव्हते आणि ते मिळवण्याची निकडही नव्हती, कारण हिंडेनबुर्ग यांचे कलम ४८ त्यांच्या पाठीशी होते. जुलै १९३० मध्ये त्यांचा आर्थिक कार्यक्रम संसदेने फेटाळला. तो वटहुकुमाने लागू केला गेला. संसदेने वटहुकूम रद्द केला, तेव्हा संसद बरखास्त झाली आणि तोच कार्यक्रम नव्या वटहुकुमाने परत आला. याच बरखास्तीनंतरच्या निवडणुकीत नाझी १२ वरून १०७ वर गेले.

पुढचे आकडे पाहा. १९३० साली राइशटाग ९४ दिवस भरले. १९३२ साली फक्त १३ दिवस. १९३२ मध्ये संसदेने पाच कायदे मंजूर केले, तर वटहुकुमांची संख्या साठच्या घरात होती. म्हणजे हिटलरने शपथ घेतली त्या दिवशी जर्मनीत संसदीय लोकशाही जवळजवळ तीन वर्षे बंद होती. इमारत होती, निवडणुका होत होत्या, वर्तमानपत्रे निघत होती. कारभार मात्र राष्ट्राध्यक्षाच्या दालनातून चालत होता. ‘लोकशाहीतून हुकूमशाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा मधला हा टप्पा आपल्या नजरेतून निसटतो.

द्वारपाल की पाडकाम करणारे?

आता लेव्हित्स्की-झिब्लाट यांच्याकडे वळू. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: हल्ली लोकशाही रणगाड्यांनी मरत नाही, निवडून आलेलेच तिला आतून पोखरतात. अशा नेत्याला वेळीच ओळखून सत्तेपासून दूर ठेवणे हे प्रस्थापित पक्षांचे काम. ते लोकशाहीचे द्वारपाल. जर्मनीत आणि इटलीत या द्वारपालांनी चूक केली. लोकप्रिय नेत्याला जवळ केले तर त्याला ताब्यात ठेवता येईल, असा हिशेब त्यांनी केला आणि तो अंगाशी आला. याउलट बेल्जियममध्ये १९३७ साली ब्रुसेल्सच्या पोटनिवडणुकीत कॅथलिक, उदारमतवादी, समाजवादी आणि कम्युनिस्टसुद्धा पंतप्रधान व्हान झेलांड यांच्या मागे उभे राहिले आणि रेक्स पक्षाच्या देग्रेल यांचा धुव्वा उडाला. पुस्तकाचा दुसरा मुद्दा अलिखित संकेतांचा आहे. विरोधकाला वैध प्रतिस्पर्धी मानणे आणि कायद्याने हाती दिलेली प्रत्येक सत्ता शेवटच्या थेंबापर्यंत न वापरणे, या दोन संकेतांवर लोकशाही उभी असते.

बेल्जियमचे उदाहरण मला पटते. अलिखित संकेतांचा मुद्दाही मौल्यवान आहे, आणि कलम ४८ ची जी सवय मी वर सांगितली ती त्या दुसऱ्या संकेताच्या भंगाचेच उदाहरण मानता येईल. माझा आक्षेप द्वारपालाच्या रूपकाला आहे. द्वारपाल म्हटला की घर त्याला राखायचे आहे हे आपण धरून चालतो. तो डुलकी घेईल, फसेल, लाच घेईल, पण त्याची नेमणूक राखणीसाठीच असते. जर्मनीतल्या ज्या मंडळींनी हिटलरला आत घेतले, त्यांच्याविषयी असे म्हणता येत नाही. जनरल कुर्ट फोन श्लायशर, फ्रान्झ फोन पापेन, राष्ट्राध्यक्षांचा मुलगा ओस्कार, पूर्वेकडचे बडे जमीनदार, राष्ट्रवादी पक्षाचे आल्फ्रेड हुगेनबर्ग यांना संसदीय राज्यपद्धती नकोच होती. सोशल डेमोक्रॅटांना आणि कामगार संघटनांना सत्तेतून कायमचे बाहेर काढायचे, ही खटपट हिटलर जेमतेम २.६ टक्क्यांवर होता तेव्हापासून चालू होती. त्यांना घराची भिंतच पाडायची होती, आणि पाडायला मजूर हवे होते म्हणून त्यांनी हिटलरकडे पाहिले. त्याच्यामागे जनता होती. यांच्याकडे ती सोडून बाकी सर्व होते.

या दृष्टीने जानेवारी १९३३ चे डावपेच वाचावेत. ४ जानेवारीला कोलोनमधल्या बँकर श्र्योडर यांच्या घरी पापेन आणि हिटलर गुपचूप भेटले. श्लायशर यांनी आपल्याला चान्सलरपदावरून घालवले याचा राग पापेन यांच्या मनात होता. महिनाअखेर मंत्रिमंडळाची जुळवाजुळव झाली, तेव्हा त्यात हिटलर धरून नाझी तिघेच होते. पापेन उपचान्सलर झाले. अर्थ आणि शेती ही दोन्ही खाती हुगेनबर्ग यांच्याकडे गेली. आपण या माणसाला कामावर ठेवले आहे, अशाच भावनेत ही मंडळी होती. दीड वर्षाने, ३० जून १९३४ च्या हत्याकांडात श्लायशर आणि त्यांची पत्नी घरातच मारले गेले. पापेन यांचे निकटचे सहकारीही मारले गेले, पापेन स्वतः वाचले.

कार्ल डीट्रिश ब्राखर यांनी १९५५ सालीच, वायमारच्या विघटनावरच्या आपल्या प्रचंड ग्रंथात, ही प्रक्रिया टप्प्याटप्प्याने मांडली होती: आधी संसदेने सत्ता गमावली, मग सत्तेची पोकळी झाली, आणि त्या पोकळीत नाझी शिरले. अर्धशतकानंतर आलेल्या लोकप्रिय पुस्तकाने हा मधला टप्पा आक्रसून टाकला, याची मला खंत वाटते. ‘पोकळी’ या शब्दातही एक अडचण आहेच. ती आपोआप झाल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती करण्यात आली होती.

प्रशियाचा धडा

सर्वांत कमी चर्चिलेली आणि मला सर्वांत निर्णायक वाटणारी तारीख २० जुलै १९३२ ही आहे. जर्मनीच्या संघराज्यातले प्रशिया हे राज्य क्षेत्रफळाने आणि लोकसंख्येने देशाच्या जवळजवळ तीन पंचमांश होते. तिथे ओटो ब्राउन या सोशल डेमोक्रॅट नेत्याचे सरकार, बहुमत गेल्यामुळे काळजीवाहू म्हणून, काम करत होते. देशातले सर्वांत मोठे पोलीस दल त्याच्या हाताखाली होते. चान्सलर पापेन यांनी जूनमध्ये नाझींच्या तपकिरी डगलेवाल्या टोळ्यांवरची बंदी उठवली. रस्त्यांवर रक्त सांडू लागले. १७ जुलैला हाम्बुर्गजवळच्या आल्टोना येथे नाझी मोर्च्याच्या वेळी १८ माणसे मेली. मग प्रशियाच्या सरकारला कायदा-सुव्यवस्था राखता येत नाही, असे कारण देऊन कलम ४८ खाली ते बाजूला सारले गेले आणि पापेन स्वतः तिथले आयुक्त झाले.

प्रशियाच्या सरकारने प्रतिकार केला नाही. ते न्यायालयात गेले. १९२० च्या मार्चमध्ये काप नावाच्या माणसाने सैनिकांच्या जोरावर बर्लिन घेतले होते, तेव्हा सार्वत्रिक संपाने आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या असहकाराने ते बंड चार-पाच दिवसांत कोसळले होते. १९३२ मध्ये संप पुकारावा तर साठ लाखांच्या आसपास बेकार माणसे रिकामी जागा भरायला उभी होती. शिवाय या वेळी बंड करणाऱ्याच्या हातात बंदुकीऐवजी सही-शिक्क्याचा कागद होता. २५ ऑक्टोबरला लाइपझिगच्या न्यायालयाने निकाल दिला तो अर्धामुर्धा: आयुक्त नेमणे तात्पुरते ग्राह्य, पण राज्याचे संघराज्यातले प्रतिनिधित्व काढून घेता येणार नाही. पोलीस आयुक्ताकडेच राहिले.

तीन महिन्यांनी हेर्मान गोरिंग याच यंत्रणेतून प्रशियाचे गृहखाते सांभाळू लागले. फेब्रुवारी १९३३ मध्ये त्यांनी सुमारे ५०,००० निमलष्करी स्वयंसेवकांना साहाय्यक पोलीस म्हणून दंडावर पट्टी बांधून दिली. पापेन यांनी सहा महिने आधी ती यंत्रणा ताब्यात घेतली नसती, तर गोरिंगना ती मिळवायला झगडावे लागले असते. एका सरकारने सोयीसाठी तयार केलेला रस्ता पुढच्याने आपल्या कामासाठी वापरला.

त्यापुढचे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. २७ फेब्रुवारीच्या रात्री राइशटागची इमारत जळाली. दुसऱ्या दिवशी कलम ४८ खालीच काढलेल्या वटहुकुमाने मूलभूत हक्क स्थगित झाले, ते राजवटीच्या अखेरपर्यंत. ५ मार्चच्या निवडणुकीत हजारो विरोधक तुरुंगात आणि पोलीस हाताशी असूनही नाझींना ४३.९ टक्केच मते मिळाली. २३ मार्चला सर्वाधिकार कायदा आला. कम्युनिस्टांच्या ८१ सदस्यांना सभागृहात येऊच दिले नाही. सोशल डेमोक्रॅटांचे १२० पैकी ९४ हजर होते. ओटो वेल्स यांनी विरोधात भाषण केले आणि ते ९४ जण विरोधात गेले. बाजूने ४४४. त्यात कॅथलिकांच्या सेंटर पक्षाची सगळी मते होती. या पक्षाचे नेते मॉन्सिन्योर कास यांना हिटलरने लेखी आश्वासनाचा शब्द दिला होता. पत्र आले नाही. जुलैमध्ये सेंटर पक्षाने स्वतःला विसर्जित केले. वायमार राज्यघटना मात्र शेवटपर्यंत औपचारिकरीत्या रद्द झाली नाही. तिची गरजच उरली नव्हती.

खालच्या पायऱ्यांवर काय घडत होते

आतापर्यंत मी दालनांतले राजकारण सांगितले. पण एवढ्याने हुकूमशाही उभी राहत नाही. विल्यम शेरिडन ॲलन यांचे ‘द नाझी सीझर ऑफ पॉवर’ (१९६५) हे पुस्तक नॉर्टहाइम नावाच्या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावाची कथा सांगते. पहिल्या आवृत्तीत गावाचे नाव बदलले होते. बर्लिनहून आदेश येण्याची फारशी वाट न पाहता १९३३ च्या काही महिन्यांत इथल्या गायनमंडळांचे, नेमबाजी क्लबांचे, क्रीडासंघांचे, व्यापारी संघटनांचे विलीनीकरण किंवा शुद्धीकरण झाले. माणसे संध्याकाळी जिथे जमून मोकळेपणी बोलत, ती ठिकाणेच गेली. प्रत्येक जण एकटा पडला. ॲलन यांच्या पुस्तकाचे बळ असे की त्यात राक्षस नाहीत. दुकानदार आहेत, मास्तर आहेत, रेल्वेत काम करणारे आहेत.

मंडळे, क्लब, संस्था भरपूर असल्या की लोकशाही बळकट होते, असे आपण मराठी लोक फार श्रद्धेने मानतो. गणेशोत्सव मंडळांपासून वाचनालयांपर्यंत आपला तो अभिमानाचा विषय आहे. शेरी बर्मन यांनी १९९७ च्या एका निबंधात दाखवून दिले की वायमार जर्मनीत अशा संस्थांची रेलचेल होती, आणि पक्ष दुबळे असताना नेमके हेच जाळे नाझींना गावोगाव पोहोचायला उपयोगी पडले. संस्था असणे पुरत नाही. संस्थेत ‘नाही’ म्हणण्याची रीत आहे का, हे पाहावे लागते.

सेबास्टियन हाफनर १९३३ मध्ये बर्लिनच्या उच्च न्यायालयात उमेदवारी करणारे तरुण वकील होते. देशांतर केल्यावर १९३९ च्या सुमारास त्यांनी आठवणी लिहिल्या. त्या १९९९ मध्ये त्यांच्या निधनानंतर, २००० साली प्रसिद्ध झाल्या. ज्यू बहिष्काराच्या दिवसांत न्यायालयाच्या ग्रंथालयात नाझी टोळी शिरते. ज्यू वकिलांना बाहेर काढले जाते. हाफनर पुस्तकावरून नजर उचलत नाहीत. एक जण समोर येऊन विचारतो, तुम्ही आर्य का? ते ‘हो’ म्हणतात. उत्तर खरे होते. पण प्रश्नच मान्य केल्याची शरम त्यांना पुढे आयुष्यभर पुरली. मला लेव्हित्स्की-झिब्लाट यांच्या पुस्तकात हेच पान सापडत नाही. तिथे नेते आहेत, पक्ष आहेत, संकेत आहेत. ग्रंथालयात खाली मान घालून बसलेला वकील नाही.

ड्रेस्डेनचे भाषाभ्यासक व्हिक्टर क्लेम्पेरर यांनी याच काळात शब्दांची नोंदवही ठेवली आणि १९४७ साली ती पुस्तकरूपाने आणली. ‘फॅनॅटिक’ हा पूर्वीचा निंदाव्यंजक शब्द कसा स्तुतीचा झाला, हे त्यांनी टिपले आहे. ज्या नव्या शब्दाखाली संस्थांची मोडतोड झाली, तो विद्युत-यंत्रशास्त्रातून घेतलेला होता. त्याचा अर्थ सगळे प्रवाह एका तालात जोडणे असा काहीसा होतो. मोडतोडीला तांत्रिक नाव मिळाले की तिच्यात कुणी माणूस दोषी दिसत नाही.

आपल्याकडच्या वाचनाविषयी

आपल्याकडे हा इतिहास वाचला जातो तो मुख्यतः हिटलरच्या चरित्रांतून. त्याचे आत्मचरित्र आणि त्याच्यावरची पुस्तके फुटपाथवरसुद्धा मिळतात. ब्र्यूनिंग आणि पापेन हे मराठी वाचकाला फारसे भेटत नाहीत. चरित्र या प्रकाराची ही मर्यादाच आहे: नायक असो वा खलनायक, घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा कर्ता तोच दिसू लागतो. मग हुकूमशाही ओळखणे म्हणजे ‘तसा’ माणूस ओळखणे, असे आपल्याला वाटते, आणि त्या माणसाच्या आधीची तीन वर्षे आपण पाहतच नाही.

आपल्या घटनाकारांनी ती पाहिली होती. ऑगस्ट १९४९ मध्ये आणीबाणीच्या तरतुदींवर चर्चा चालू असताना, मध्य प्रांत-वऱ्हाडकडून संविधान सभेत आलेले ह. वि. कामत यांनी वायमार घटनेचे उदाहरण देऊन सभागृहाला सावध केले होते. राज्य सरकारे बाजूला सारण्याच्या कलमाविषयी डॉ. आंबेडकरांनी ते वापरण्याची वेळच येऊ नये अशी आशा व्यक्त केली होती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात त्यांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेविरुद्ध दिलेला इशारा सर्वांना आठवतो. त्याच भाषणात सामाजिक आणि आर्थिक विषमता राहिली तर राजकीय लोकशाही उद्ध्वस्त होईल, असेही त्यांनी बजावले होते. तो भाग मात्र आपण कमी वेळा उद्धृत करतो.

२५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींनी पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मताने, आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही असा निकाल दिला. न्या. ह. रा. खन्ना एकटे विरोधात राहिले. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत बोलल्या आणि पुढे त्यांना अटक झाली. भारत जर्मनीच्या वाटेने गेला नाही. १९७७ मध्ये निवडणूक झाली आणि सत्ता शांतपणे बदलली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे संदिग्ध कारण काढून ‘सशस्त्र बंड’ असे केले आणि मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक केला. १९९४ च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारचे बहुमत सभागृहातच तपासले पाहिजे असे ठरवून कलम ३५६ ला लगाम घातला. लाइपझिगच्या न्यायालयाने १९३२ मध्ये जे अर्धवट सोडले, त्याच प्रकारच्या प्रश्नाला हे बरेच स्पष्ट उत्तर होते. दोन्ही दुरुस्त्या अनुभवाची किंमत मोजून झाल्या, हे मात्र विसरता येत नाही.

पश्चिम जर्मनीनेही १९४९ च्या मूलभूत कायद्यात फटी बुजवल्या. राष्ट्राध्यक्षाचे वटहुकुमाचे अधिकार गेले. पर्यायी चान्सलर निवडल्याशिवाय असलेल्या चान्सलरला हटवता येत नाही, अशी तरतूद झाली. फटी बुजवता येतात. सवयी बुजवायला कलम नाही.

निष्कर्ष म्हणून मला एवढेच मांडायचे आहे. ‘हिटलर निवडून आला’ हे वाक्य अर्धसत्य आहे आणि त्याचा परिणाम घातक आहे. त्याने संशयाची सुई मतदाराकडे वळते आणि ज्यांच्या हातात किल्ल्या होत्या ते राष्ट्राध्यक्ष, चान्सलर, न्यायाधीश, सेनाधिकारी, पक्षनेते अंधारात राहतात. निदान चुकले की उपायही चुकतो. मतदाराला दोष देणारा माणूस शेवटी कमी मतदान, कमी संसद आणि अधिक कर्तबगार हातांची मागणी करू लागतो. ब्र्यूनिंग आणि पापेन यांच्या काळात जर्मनीतल्या सभ्य माणसांनी नेमकी हीच मागणी केली होती. म्हणून निवडणुकीचे निकाल जितक्या उत्सुकतेने आपण वाचतो, तितक्याच उत्सुकतेने काही रुक्ष आकडे दरवर्षी मोजावेत असे मला वाटते: विधिमंडळ किती दिवस बसले, किती कायदे चर्चेने झाले, किती वटहुकुमाने झाले, आणि स्थानबद्ध माणसाचा अर्ज न्यायालयापुढे यायला किती दिवस लागले. जर्मनीत १९३० ते १९३२ या काळात हे आकडे उघड होते आणि कुणालाही मोजता आले असते.